कानापुढची वाटी

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवा आणि तोंड हळूच उघडा. बोटाखाली काहीतरी सरकतंय ना? ते खालच्या जबड्याचं गोलसर टोक. डॉक्टर त्याला कॉन्डाइल म्हणतात. कवटीच्या उथळ वाटीत, मध्ये कूर्चेची पातळ चकती घेऊन ते बसलेलं असतं.

(दृश्य : स्वयंपाकघर, सकाळ)

इंदूर, रामबाग. पोहे, वर शेव, शेजारी जिलबी. घरातली लेक जिलबी हातानेच मोडते आणि तुकडा दाढेकडे सरकवते. तिचा खालचा जबडा पुढे आलेला, समोरचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. आईसारखा गजऱ्याचा दोरा दातांनी तोडायचा, तर तेही जमत नाही. दातांना तारा लावून झाल्या, आता जबडा मागे घेण्याचं ऑपरेशन.

(दृश्य : हाडाचा नमुना, जवळून)

ट्राउनर आणि ओबवेगेसर या सर्जननी १९५७ साली मांडलेली ही पद्धत, पुढे बरीच सुधारलेली. चीर तोंडाच्या आतूनच. जबडा दोन्ही बाजूंना उभा दुभागला, की दात असलेला मधला भाग मागे सरकवून वरच्या दातांशी तारेने बांधतात. कडेचे दोन तुकडे मात्र सुटे राहतात, आणि कॉन्डाइल त्यांच्याच टोकाला! पेशंट उताणी झोपलेली, भुलीने स्नायू सैल पडलेले. कॉन्डाइल वाटीतून खाली, मागे लोंबायला लागतं. तशातच स्क्रू आवळले, तर टेबलावर दात छान जुळलेले दिसतात. पण वरच्या दातांशी बांधलेली तार सोडली की कॉन्डाइल आपल्या जागी परततं आणि जबड्यालाही सोबत नेतं. समोर पुन्हा फट. बरं, जोर लावून मागे रेटावं, तर सांध्यावर ताण येतो, हाड झिजू शकतं.

संगणकावर सगळं आधी आखता येतं. तरीही या घडीला मला सर्जनचा हातच मोठा वाटतो. सुट्या तुकड्याला वर आणि किंचित पुढे, अगदी हलका आधार. तो तसाच धरून टायटॅनियमची पट्टी, मग स्क्रू.

टाके घालायच्या आधी बांधलेली तार सोडतात. हनुवटीला एका बोटाचा आधार देऊन जबडा मिटवून बघतात. दात ठरल्या जागी टेकले नाहीत, तर स्क्रू काढायचे आणि पुन्हा बसवायचे, कितीही उशीर झालेला असो.

(दृश्य : हनुवटीखाली हातमोज्यातलं बोट. खालचे दात वर येतात, टेकतात.)

सर्जन जबडा पुन्हा उघडतात. पुन्हा मिटवतात.