आठ पेले, एक चाक

(दृश्य: गच्ची, पाण्याचं चाक)

सोलापूरचा पूर्व भाग. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर गच्चीत सायकलची जुनी रिम. तिला प्लास्टिकचे आठ पेले अडकवलेत, प्रत्येकाच्या बुडाला भोक. वरून नळाची धार. पेला भरतो, खाली जातो, गळत गळत रिकामा होऊन वर येतो. चाक उजवीकडे फिरतंय... थबकलं... आणि डावीकडे निघालं! नेमकं आत्ताच का, हे बारावीची ही मुलं तासभर वहीत मांडताहेत.

१९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी तापलेल्या हवेच्या घुसळणीसाठी तीन समीकरणं मांडली. या चाकालाही तीच लागू पडतात. सुरुवातीला थेंबभर फरक पडला, तरी थोड्या वेळानं दिशाच वेगळी. असं चाक प्रत्येक कॉलेजात हवं. लागतं काय, एक रिम आणि आठ पेले.

(दृश्य: सरांचं बोट, जवळून)

आता सरांचं बोट बघा. चाक मंदावलंय, उलटणार. सर पेल्याला जरासं ढकलतात. चाक उलटत नाही. जोर लावला नाही, वेळ साधली.

जपानमध्ये ताकेमासा मियोशी आणि सहकाऱ्यानं २०२२ साली याच तीन समीकरणांवर संगणकात हे करून दाखवलं. किंचित फरकानं अनेक अंदाज काढायचे. त्यातला एखादाही उलटताना दिसला, की न उलटणाऱ्याच्या दिशेनं आत्ताच हलकेच ढकलायचं. चक्रीवादळ सौम्य करायचं तर मला हीच वाट खरी वाटते. त्याच्याशी ताकदीनं झुंजणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

१९६९ साली अमेरिकेच्या विमानांनी डेबी चक्रीवादळ कमजोर करायला त्यात सिल्व्हर आयोडाइड, म्हणजे ढगातलं पाणी गोठवणारं रसायन, सोडलं. पहिल्या दिवशी वारा ३१ टक्क्यांनी उतरला. पुढे कळलं, वादळाच्या डोळ्याभोवतीची भिंत आपोआपही अशी बदलते. काही न सोडता काय झालं असतं, हे सांगणारं गणित तेव्हा हाताशी नव्हतं.

खऱ्या वादळावर मियोशींची रीत अजून वापरलेली नाही. हवामानाला असं वळण द्यायला जपाननं २०५० चं उद्दिष्ट ठेवलंय.

(दृश्य: पंढरपूर, कुंभार घाट)

ऑक्टोबर २०२०. बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राचा पाऊस. इथली भिंत कोसळून सहा जण गेले.

(दृश्य: पुन्हा गच्ची)

आता एका मुलीची पाळी. बोट उशिरा पोचलं, चाक उलटलं. सर धार बंद करत नाहीत. ती पुन्हा वाकून बसते.