गाडी आधी सरकते, मग पडते

मंडळी, चाक बदलताना गाडी जॅकवरून खाली आली, असं ऐकलं की आपण लगेच म्हणतो, 'जॅकच मोडला असेल.' तसंही होतं कधीकधी. पण गाडीसोबत आलेला, गंज न चढलेला जॅक त्याच गाडीच्या वजनाचा विचार करून दिलेला असतो. १,२०० किलोच्या गाडीचा एक कोपरा उचलायचा म्हणजे साधारण ३०० ते ४०० किलोंचा भार, आणि तो जॅक आरामात पेलतो. गाडी पडते ती बहुतेक वेळा जॅकवरून सरकल्यामुळे. ती चार बोटं पुढे किंवा मागे हलते, जॅक कलंडतो आणि क्षणात सगळं खाली येतं. म्हणून आज मी जॅक फिरवण्याबद्दल थोडं आणि गाडी हलू न देण्याबद्दल जास्त बोलणार आहे.

जागेचं आधी सांगतो. पंक्चर कळलं की माणूस आहे तिथेच थांबतो, कारण टायर खराब होईल अशी भीती वाटते. होऊ द्या. उतारावर, वळणावर किंवा भुसभुशीत मातीत गाडी उचलण्यापेक्षा बसलेल्या टायरवर अगदी हळू थोडं पुढे जाऊन सपाट, कडक जागा गाठलेली बरी. टायर गेला तर नवा आणता येतो. गाडी रहदारीपासून जितकी आत घेता येईल तितकी घ्या, चारही इंडिकेटर चालू करा, त्रिकोण मागे लांब ठेवा. गाडीतल्या सगळ्यांना उतरवा आणि रस्त्यापासून दूर उभं करा. आत बसलेल्या माणसाने नुसती कूस बदलली तरी जॅकवरची गाडी डुलते.

आता हँडब्रेक. इथे जरा थांबू या, कारण 'हँडब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये टाकलीय, आता कुठे जाते' या विश्वासावर पुष्कळ जण राहतात. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. मागचं एक चाक हवेत गेलं की उरलं एकच चाक, तेवढंच काय ते धरून ठेवणार. गिअरचं म्हणाल, तर इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत पुढचं चाक उचललं की गिअरचा अडसर संपलाच. दोन चाकांच्या मधला डिफरन्शियल एका चाकाला एकीकडे आणि दुसऱ्याला उलट दिशेला फिरू देतो. हवेतलं चाक मोकळं फिरतं, आणि त्याच्या बदल्यात जमिनीवरचं चाकही फिरू शकतं. ऑटोमॅटिक गाडीचा 'पार्क' असाच निकामी होतो. त्या वेळी गाडी धरून ठेवतो तो फक्त मागचा हँडब्रेक. आणि ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी असेल, तिचं मागचंच चाक बदलायचं असेल, तर गिअरही गेला आणि हँडब्रेकही अर्धा झाला. सगळ्यात जपायचं ते इथे.

म्हणून चाकाला दगड लावायचा. जे चाक बदलायचं, त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून. लाकडाचा पाचरीसारखा कापलेला तुकडा असेल तर उत्तमच. दगड लावणार असाल तर गोल नको, कारण टायर त्याच्यावर चढतो. तुकडा टायरला नुसता टेकून ठेवू नका, पायाने आत दाबून घट्ट बसवा.

पुढचं काम नटांचं, आणि तेही गाडी जमिनीवर असतानाच. लहान गाडीचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेले असतात. फूटभर लांबीच्या पान्यावर ३० ते ३५ किलोंचा जोर दिल्याशिवाय ते हलत नाहीत, गंजले असतील तर त्याहून जास्त. एवढा जोर जॅकवर उभ्या गाडीला दिला तर आपणच तिला ढकलतो की! म्हणून पाना नटावर पूर्ण बसवायचा, दांडा आडवा धरायचा आणि खाली दाबायचा. वर ओढायचा नाही. नट सुटताना 'कट्' असा आवाज येतो, पाना जरासा सरकतो. तिथून अर्धा फेरा फिरवला की बस. काढून टाकायचा नाही.

मग जॅक. गाडीच्या खालच्या कडेला पत्र्याची उभी पट्टी असते. पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे तिच्यावर दोन खाचा दिसतात, त्यांच्या मधला भाग जाड केलेला असतो. जॅकच्या डोक्याची खोबण त्याच पट्टीत बसली पाहिजे. दिवस असो वा रात्र, वाकून, बॅटरी मारून ती खाच बघा. नुसतं हाताने चाचपून समाधान मानू नका. खाच सोडून दुसरीकडे जॅक लावला तर पत्रा दबतो आणि दबता दबता जॅक घसरतो. जमीन मऊ असेल तर जॅकखाली रुंद, जाड फळी द्या. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे अजिबात नकोत, ते काही सूचना न देता फुटतात.

जॅक फिरवायला लागलात की सुरुवातीला गाडी वर येते, पण चाक जमिनीवरच राहतं. स्प्रिंग आधी लांबते, मग चाक सुटतं. घाबरून भराभर फिरवू नका. गाडी सरळ वर येत नाही, ती पलीकडच्या चाकांवर टेकून कमानीत उठते आणि जॅकचं डोकं हळूहळू आत ओढते. म्हणून चार-पाच फेऱ्यांनी थांबून जॅक बाजूने बघायचा. तळ जमिनीला पूर्ण टेकलेला आहे का? तिरपा दिसला तर गाडी खाली घ्या आणि पुन्हा लावा. त्यात दोन मिनिटं जातात. चाकं असलेला ट्रॉली जॅक असेल तर तो या कमानीबरोबर आत सरकायला मोकळा हवा, म्हणून त्याला फरशी किंवा डांबरासारखी कडक जमीनच लागते. आणि उंची थोडी जास्तच ठेवा, कारण हवा भरलेल्या स्टेपनीला बसलेल्या टायरपेक्षा जास्त जागा लागते.

गाडी वर गेली की आधी स्टेपनी जॅकजवळ गाडीखाली आडवी सरकवा. काढलेलं चाक तिच्या जागी ठेवा. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर अडेल.

नट काढूनही कधीकधी चाक हबला, म्हणजे ते ज्या भागावर बसतं त्याला, चिकटलेलं राहतं. मग माणूस बसून दोन्ही पायांनी लाथा घालतो. मला ही गोष्ट पाहवत नाही. असं झालं तर नट हाताने, थोडे सैल ठेवून, परत लावा, गाडी जमिनीवर घ्या आणि तिला आलटून पालटून हलकंसं डोलवा. गाडीचं वजनच चाक सोडवतं. मग पुन्हा उचला.

नवं चाक चढवताना नटाची निमुळती बाजू आत. सगळे नट आधी हाताने, मग समोरासमोरचे जोडीने पान्याने हलके आवळा. आट्यांना तेल लावू नका, त्याने नट हवा त्यापेक्षा जास्त ताणला जातो. टायर जमिनीला टेकला की मग पूर्ण जोर. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट परत तपासा. स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका. तिच्यावर लिहिलेली हवा, बहुधा ६० पीएसआय, आधीच भरलेली असू द्या.

मघाशी एकाने विचारलं, 'जॅक लावलाच आहे, तर खाली सरकून जरा सायलेन्सर बघितला तर चालेल का?' नाही. हा जॅक फक्त चाक बदलायचा आहे. गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा असेल तर लोखंडी स्टँड हवेत, सपाट काँक्रीटवर, गाडीच्या ठरलेल्या जागी. हायड्रॉलिक जॅकचं तर एक सील गेलं की तेल उतरतं आणि गाडीही. स्टँडवर टेकवल्यावर बाहेर उभं राहून गाडी हाताने हलवून बघा. ती हलली तर स्टँड पुन्हा लावा, आणि ते होईपर्यंत खाली हातही घालू नका.