सहा अक्षरांची शिडी

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब. टेट्राहायमेना पळताहेत.)

हा टेट्राहायमेना. तळ्यात, डबक्यात राहणारा एकपेशीय जीव. अंगभर बारीक लव आणि तिच्या जोरावर दिवसभर धावपळ. त्याला कॅमेऱ्यात पकडायचं तर आधी पाणी थोडं दाट करून घ्यावं लागतं, नाहीतर चौकटीत टिकत नाही.

याला रक्त नाही, हाडं नाहीत, कर्करोगही होत नाही. तरी रक्ताच्या आजारांवरच्या एका मोठ्या संशोधनाची सुरुवात याच्यापासून झाली, कारण याच्याकडे एक गोष्ट मुबलक आहे. डीएनएची टोकं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६, म्हणजे टोकं ९२. याच्या मोठ्या केंद्रकात मात्र गुणसूत्रांचे इतके बारके तुकडे असतात, की टोकांचा हिशेब हजारांत जातो. टोकांचा अभ्यास करायचा असेल तर याच्यासारखा जीव नाही.

एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी येल विद्यापीठात, जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेत, ही टोकं वाचली. १९७८ साली ते काम प्रसिद्ध झालं. टोकाशी डीएनएच्या अक्षरांचा एकच क्रम पुन्हा पुन्हा: टी टी जी जी जी जी. माणसात एका अक्षराचा फरक, टी टी ए जी जी जी. या टोकांना म्हणतात टेलोमिअर.

(दृश्य: पेशी दुभंगताना. रंगवलेली गुणसूत्रं, टोकांवर चमकणारे ठिपके.)

पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते, पण अगदी शेवटपर्यंत होत नाही. टोकाचा थोडा भाग दर वेळी राहून जातो. साडीला पिको केला नसेल तर काठाचे धागे सुटत जातात, तसं गुणसूत्राचं होऊ नये म्हणून हा टेलोमिअर. धागे सुटतात ते त्याचे. तो फारच आखूड झाला, की पेशी दुभंगणं थांबवते किंवा मरते.

मग टेट्राहायमेना पिढ्यान् पिढ्या दुभंगतो कसा?

(दृश्य: बर्कलीचा विद्यापीठ परिसर. नंतर अंधारी खोली, लाल दिवा, एक्स-रे फिल्म.)

कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली, १९८४. ब्लॅकबर्न यांच्याकडे कॅरल ग्रायडर नावाची पीएचडीची विद्यार्थिनी आली होती. वय २३. टोकं वाढवणारं काहीतरी या पेशीत असणार, ते शोधायचं, हा तिचा विषय. मिळेलच याची खात्री कुणालाच नव्हती. सुरुवातीला हाती घ्यायला असा विषय सहसा कुणी देत नाही आणि सहसा कुणी घेतही नाही.

पद्धत अशी. पेशी फोडून त्यांचा अर्क काढायचा. त्यात टोकासारखा कृत्रिम डीएनएचा तुकडा टाकायचा आणि सोबत किरणोत्सारी खूण लावलेली अक्षरं. अर्कात काही असेल तर ते अक्षरं उचलून तुकड्याला जोडेल. मग मिश्रण जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, धाववायचं. आखूड तुकडे पुढे जातात, लांब तुकडे मागे राहतात. शेवटी जेलवर एक्स-रे फिल्म ठेवायची आणि वाट बघायची. चुकलं की अर्क बदला, तुकडा बदला, पुन्हा पहिल्यापासून.

२५ डिसेंबर १९८४. नाताळचा दिवस असूनही ती प्रयोगशाळेत गेली आणि फिल्म धुतली.

(दृश्य: फिल्म प्रकाशासमोर. एकाखाली एक पट्ट्या.)

पडद्यावर दिसते ती त्या दिवसाची फिल्म नाही, पण नक्षी हीच. दर सहा अक्षरांवर एक पट्टी, पट्टीखाली पट्टी. शिडी. कुणीतरी सहा-सहा अक्षरांनी टोक वाढवत होतं. त्या दिवशी घरी जाऊन नाचल्याचं ग्रायडर यांनी नंतर सांगितलं आहे.

त्यानंतर काही महिने दोघींनी स्वतःच्याच शोधावर शंका घेण्यात घालवले. हे डीएनएची नक्कल करणारं नेहमीचंच एखादं एन्झाइम तर नव्हे? त्यांनी यीस्टच्या टोकाचा तुकडा दिला. अर्काने त्यालाही टेट्राहायमेनाचीच अक्षरं जोडली. म्हणजे साचा या एन्झाइमच्या आतच होता. तो आरएनएचा, म्हणजे डीएनएच्याच जातकुळीतल्या रेणूचा निघाला. एन्झाइमचं नाव पडलं टेलोमरेज. २००९ साली ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि टेलोमिअरवरच काम केलेले जॅक शॉस्टॅक यांना नोबेल मिळालं. फोन आला तेव्हा ग्रायडर घरी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

(दृश्य: आजची प्रयोगशाळा. बर्फाची बादली, हातमोजे, पिपेट.)

आता हे हात बघा. या तंत्रज्ञबाई कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाल्या नाहीत; हातांचं चित्रण तेवढं करू दिलं. काम आहे रक्ताच्या नमुन्यात टेलोमरेज किती सक्रिय आहे ते तपासण्याचं. पद्धत १९९४ सालची, नाव ट्रॅप. पेशी बर्फावरच फोडायच्या, सगळं बर्फावरच ठेवायचं. उघड्या बोटाचा स्पर्श झाला तरी आतला आरएनए तुटू शकतो, म्हणून हातमोजे सारखे बदलले जातात. अर्काने तुकडा लांबवला, की त्याच्या लाखो प्रती काढायच्या, पीसीआरने. हा शब्द कोविडनंतर घराघरात पोचला आहे.

एकाच नमुन्याचे तीन भाग केलेले दिसतील. एक तसाच. एक ८५ अंशांवर तापवलेला, म्हणजे टेलोमरेज निकामी. तिसऱ्यात आरएनए खाणारं एन्झाइम. शिडी फक्त पहिल्यात यायला हवी. तापवलेल्या नळीतही आली, तर नमुना दूषित झाला आणि दिवस फुकट. बाई तीनही नळ्यांवर तारीख घालतात, स्वतःची आद्याक्षरं घालतात, मग झाकण लावतात.

ही पद्धत पहिल्यांदा वापरली तेव्हा कर्करोगाच्या गाठींच्या १०१ नमुन्यांपैकी ९० मध्ये टेलोमरेज सापडलं. निरोगी ऊतींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नाही.

(दृश्य: जेलवर दोन रांगा. डावीकडे फिकट शिडी, उजवीकडे गडद.)

रक्ताने मात्र हे सरळ चित्र बिघडवलं. डावीकडची फिकट शिडी निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींची आहे. लिम्फोसाइट जंतूंशी लढायला झपाट्याने वाढतात, अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींना आयुष्यभर रक्त बनवायचं असतं. त्यांना थोडं टेलोमरेज लागतंच. उजवीकडची गडद शिडी ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची. नुसती शिडी दिसली म्हणून रक्तात कर्करोगाचं निदान करता येत नाही. किती गडद, कोणत्या पेशीत, कोणत्या टप्प्यावर, हे सगळं बघावं लागतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया संथ असतो तोवर शिडी बेताची. आजार उसळला की ती गडद होते, आणि टोकं मात्र आखूडच सापडतात.

(दृश्य: हाताची नखं, अगदी जवळून. उभ्या भेगा पडलेली, झिजलेली.)

उलटही घडतं. एन्झाइम कमी पडतं.

अशी नखं, मानेवर जाळीसारखी काळसर त्वचा, तोंडात पांढरा चट्टा. या आजाराचं नाव डिस्केराटोसिस कंजेनिटा. यात बहुतेकांची अस्थिमज्जा हळूहळू रक्त बनवणं सोडते. १९९९ साली त्याचा धागा टेलोमरेजपर्यंत पोचला. पुढे २००२ आणि २००५ साली दिसलं, की नखं-त्वचा ठीकठाक असलेल्या अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या, म्हणजे अस्थिमज्जा पुरेसं रक्त बनवत नाही अशा आजाराच्या, काही रुग्णांतही याच एन्झाइमच्या जनुकांत दोष असतो.

(दृश्य: फ्लो सायटोमीटर. पडद्यावर ठिपक्यांचे ढग.)

या यंत्रात पेशींतल्या टेलोमिअरची लांबी मोजतात आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून बघतात. हे आधी कळणं गरजेचं आहे. टोकं फार आखूड असलेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी नेहमीची औषधं सहसा लागू पडत नाहीत, अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाआधीची केमो सौम्य ठेवावी लागते. आणि दाता म्हणून पुढे आलेल्या सख्ख्या भावाबहिणीतही तोच दोष लपलेला असू शकतो.

(दृश्य: वॉर्ड. वीस सेकंद. निवेदन नाही.)

(दृश्य: औषधाची गोळी, मग सलाइनची पिशवी.)

डॅनॅझॉल हे जुनं संप्रेरक-औषध. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत टेलोमिअर आखूड असलेल्या २७ रुग्णांना ते दिलं गेलं. झीज मंदावली तरी पुरे, अशी अपेक्षा होती. ज्यांची मोजणी दोन वर्षांपर्यंत झाली त्यांतल्या बहुतेकांची टोकं वाढलेली दिसली. हा अहवाल २०१६ चा. यकृतावर ताण येतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आणि जिथे टेलोमरेज रोखायचं, तिथे इमेटेलस्टॅट. टेलोमरेजच्या आतला आरएनएचा साचा आठवतोय? हे औषध नेमकं त्या साच्याला जाऊन चिकटतं. जून २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या (यात अस्थिमज्जा सदोष रक्तपेशी बनवते) कमी जोखमीच्या, पण सारखं रक्त चढवावं लागणाऱ्या रुग्णांसाठी. चाचणीत १७८ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक निदान आठ आठवडे रक्ताच्या पिशवीशिवाय राहिले. औषधाविना १५ टक्के. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातात, म्हणून दर चार आठवड्यांनी पुढचा डोस द्यायच्या आधी रक्त तपासतात.