ब्रेव्हिग मिशनची कबर आणि फ्लूची एक लस

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी सर्दी-खोकल्याची तयारी सुरू होते. वाफारा, आल्याचा काढा, हळदीचे दूध हे सारे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा त्याबद्दल मी सांगणार नाही. आज मला बोलायचे आहे ते फ्लूच्या लशीबद्दल, आणि त्यातही जी अजून दवाखान्यात मिळत नाही अशा लशीबद्दल: फ्लूच्या अनेक प्रकारांच्या विषाणूंना एकाच वेळी अडवणाऱ्या लशीबद्दल.

आज मिळणारी लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, एकत्र बसून पुढच्या हंगामात कोणते विषाणू पसरतील याचा अंदाज बांधतात. त्या अंदाजानुसार विषाणू वाढवले जातात, बहुतांशी कोंबडीच्या अंड्यांमध्ये. आणि लस तयार होईपर्यंत सुमारे सहा महिने निघून जातात. तेवढ्या अवधीत विषाणू बदलला तर लशीचा उपयोग कमी होतो. अंदाज बरोबर आलेल्या वर्षीही ही लस आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी करते, आणि अंदाज चुकलेल्या २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत हा आकडा १९ टक्क्यांवर आला होता. म्हणून ती घेऊच नये असे मात्र कोणी समजू नये. घरातील वृद्ध, गर्भवती, मधुमेहाचे आणि दम्याचे रुग्ण यांना ती अवश्य द्यावी, आणि आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असल्याने ती पावसाआधी द्यावी. हे मी प्रत्येक भाषणात सांगतो आणि आजही पुन्हा सांगतो: पावसाआधी.

आता मी आपल्याला अलास्काला नेणार आहे. हा प्रसंग मी आजवर अनेकदा सांगितला आहे, आणि तो सांगताना माझे मन प्रत्येक वेळी भरून येते.

बेरिंग समुद्राकाठी ब्रेव्हिग मिशन नावाची एक लहानशी वस्ती आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात, १५ ते २० तारखेच्या दरम्यान, अवघ्या पाच-सहा दिवसांत, तेथील ८० प्रौढांपैकी ७२ माणसे फ्लूने दगावली. पुरायलाही कोणी उरले नव्हते, म्हणून बाहेरून माणसे आणून गोठलेल्या जमिनीत एकच मोठी कबर खणावी लागली. हीच ती साथ, जिला आपल्याकडची जुनी माणसे मानमोडी म्हणत. मुंबई बंदरात ती त्याच वर्षी जूनमध्ये उतरली आणि तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. एवढी माणसे गेली, तरी त्यांच्या नावाने उभारलेला एखादा दगडही आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते. ब्रेव्हिग मिशनच्या कबरीवर मात्र दोन मोठे क्रूस उभे होते.

१९५१ साली योहान हल्टिन नावाचा, स्वीडनहून आयोवा विद्यापीठात शिकायला आलेला एक तरुण त्या क्रुसांपाशी पोहोचला. जमीन बारमाही गोठलेली असेल तर तिच्यातील देह टिकले असतील, आणि त्या देहांच्या फुप्फुसांत तो विषाणूही असेल, असे त्याला वाटत होते. त्याने आधी गावच्या पंचांसमोर बसून परवानगी मागितली. त्या साथीतून वाचलेली काही माणसे तेव्हा हयात होती. विषाणू हाती लागला तर त्याच्यापासून लस करता येईल आणि तो आजार पुन्हा आला तर लोकांचा जीव वाचेल, असे त्याने त्यांना सांगितले, आणि त्या माणसांनी आपल्या आप्तांची कबर उघडण्यास होकार दिला. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडे जाळून तो माती वितळवीत गेला. सर्वांत आधी त्याला दिसली ती केसांत लाल फिती बांधलेली एक लहान मुलगी.

त्याने फुप्फुसांचे तुकडे घेतले. परतीच्या प्रवासात विमान जेथे जेथे इंधनासाठी उतरे, तेथे तेथे तो आग विझवण्याच्या नळकांड्यांतील वायू सोडून ते तुकडे गोठलेले ठेवी. प्रयोगशाळेत त्याने ते अंड्यांत टोचले, फेरेट नावाच्या प्राण्यांना दिले, पण काहीच वाढले नाही. विषाणू मेलेला होता. हल्टिन पुढे विकृतिशास्त्रज्ञ झाला, निवृत्त झाला, आणि ती इच्छा तशीच राहिली.

छेचाळीस वर्षे गेली, श्रोतेहो. मार्च १९९७ मध्ये जेफ्री टाउबेनबर्गर या अमेरिकी शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९१८ च्या विषाणूच्या जनुकांचे काही तुकडे प्रसिद्ध केले. ते त्या साथीत मरण पावलेल्या एका सैनिकाच्या, मेणात जपून ठेवलेल्या ऊतींतून मिळाले होते. तो लेख वाचून ७२ वर्षांच्या हल्टिनने त्यांना पत्र पाठवले आणि ती कबर पुन्हा उघडण्याची तयारी दाखवली. आपण कधी जाऊ शकाल, असे टाउबेनबर्गर यांनी विचारताच हल्टिनने सांगितले की या आठवड्यात जमणार नाही, पुढच्या आठवड्यात कदाचित जमेल. तो स्वतःच्या खर्चाने गेला. अवजारांत त्याने आपल्या पत्नीची बागेतली कात्री बरोबर घेतली होती. गावाने पुन्हा परवानगी दिली, खणायला तरुण मुले दिली, आणि सुमारे सात फूट खाली एका स्थूल स्त्रीचा देह सापडला. आजूबाजूचे सांगाडेच उरले होते, पण तिच्या अंगावरच्या चरबीने तिची फुप्फुसे राखली होती. हल्टिनने तिला लूसी असे नाव दिले. निघण्यापूर्वी त्याने गावातल्या शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत दोन नवे क्रूस तयार केले आणि काळाच्या ओघात नाहीशा झालेल्या जुन्या क्रुसांच्या जागी उभे केले.

लूसीच्या फुप्फुसांतून १९१८ च्या विषाणूची जनुके मिळाली, आणि २००५ पर्यंत त्याची संपूर्ण जनुकीय रचना वाचून झाली. त्या रचनेवर पक्ष्यांमधील विषाणूंची छाप दिसली. पुढे आलेल्या १९५७, १९६८ आणि २००९ च्या साथींचे विषाणूही काही अंशी त्याचेच वंशज निघाले. फ्लूचे भांडार रानपक्ष्यांत, विशेषतः पाणपक्ष्यांत आहे, आणि माणसांतल्या मोठ्या साथी तेथूनच नवे जनुक उचलतात.

आता लशीकडे येऊ. शेतातले ज्वारीचे ताट डोळ्यांपुढे आणा. फ्लूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाची तशीच ताटे उभी असतात: वर कणीस आणि खाली धांडा. आपले शरीर वरच्या कणसालाच ओळखायला शिकते, आणि विषाणू नेमके कणीसच सतत बदलत राहतो; धांडा मात्र फारसा बदलत नाही. धांड्याला ओळखणारी प्रतिपिंडे शरीराला शिकवता आली तर अनेक प्रकार एकदम अडतील, या विचाराने न्यूयॉर्कमधील पीटर पालेसे आणि फ्लोरियन क्रामर यांनी काम केले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील स्कॉट हेन्स्ली यांनी दुसरी वाट धरली; त्यांच्या गटाने वीस उपप्रकारांची ताटे घडवण्याच्या सूचना एकाच एमआरएनए लशीत, म्हणजे शरीरालाच प्रथिन बनवायला सांगणाऱ्या लशीत, घालून ती उंदरांना आणि फेरेटना दिली. पुन्हा सांगतो: कणीस बदलते, धांडा फारसा बदलत नाही. लस शोधणाऱ्यांची एक वाट धांड्याची, तर दुसरी सगळ्या उपप्रकारांची ताटे एकत्र गोळा करण्याची.

हे काम सोपे नाही. सर्व प्रकारांवर चालेल म्हणून मोठी आशा लावलेली एक लस २०२० मध्ये अखेरच्या टप्प्याच्या चाचणीत अपयशी ठरली. म्हणून वर्तमानपत्रांत जेव्हा 'आता फ्लू कायमचा जाणार' असा मथळा येतो, तेव्हा मला त्याची चीड येते, कारण अशा मथळ्यांनी लोकांचा लशीवरचा विश्वास वाढत नाही, उलट मोडतो. तरीही ही लस हवीच, कारण नवी साथ वाट पाहत नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे रस्त्यांवर दिसू लागली; आणि पुण्यातच तयार झालेली नाकात फवारण्याची लस बाजारात आली ती २०१० च्या पावसाळ्यात. जोराची पहिली लाट लशीशिवाय गेली होती.

मोठ्या साथी पक्ष्यांतल्या विषाणूंकडून जनुके उचलतात, हा टाउबेनबर्गर यांनी लूसीच्या विषाणूकडून घेतलेला धडा त्यांच्या लशीत उतरला आहे. तिच्यात रसायनाने निष्क्रिय केलेले, पक्ष्यांमधील चार उपप्रकारांचे संपूर्ण विषाणू आहेत. उंदरांत आणि फेरेटमध्ये या लशीने, तिच्यात नसलेल्या उपप्रकारांपासूनही संरक्षण दिले. २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बेथेस्डा येथे तिची माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाली. १८ ते ५५ वयाच्या, जास्तीत जास्त शंभर निरोगी स्वयंसेवकांना २८ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा, काहींना दंडात तर काहींना नाकात. त्याच वर्षीच्या जानेवारीत योहान हल्टिन ९७ व्या वर्षी वारले होते. ब्रेव्हिग मिशनच्या पंचांसमोर त्यांनी लशीचा शब्द उच्चारला त्याला तेव्हा ७१ वर्षे होत आली होती.

नमस्कार.