मुठीमुठीने उभी राहिलेली शाळा

नमस्कार मंडळी. मला दहा मिनिटं दिली आहेत, पण आमच्या फोंड्याकडे शाळेचा विषय निघाला की मध्ये एक चहा होतोच, हे आधी सांगून ठेवतो.

माझी प्राथमिक शाळा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे लांब पडवी. माझी आजी लग्न होऊन गावात आली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. मुलं देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेत बसत, धुळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवत. मास्तरांना म्हणायचे शेणैमाम. त्यांचा पगार म्हणजे कुणाकडचे तांदूळ, कुणाकडचे नारळ. घरी कोकणी, शाळेत मराठी, कचेरीचा कागद पोर्तुगीजमध्ये. एवढं सगळं पोरांच्या डोक्यात मावायचं कसं, देव जाणे.

5 ऑक्टोबर 1910 ला पोर्तुगालमधली राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले. मग शाळांची लाटच आली. 1911 मध्ये समाजसुधारक दादा वैद्यांच्या पुढाकाराने फोंड्यात आल्मेदा हायस्कूल निघालं. पैशाची युक्ती मात्र त्याआधीची, पणजी शहरातली: 1908 चा मुष्टिफंड. भात शिजत घालण्याआधी घरच्या बाईने मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि त्यावर शाळा चालवायची.

आमच्या गावाने तीच युक्ती उचलली. आजीच्या चुलीपाशी त्यासाठी वेगळं मडकं असे. घरात पेज पातळ झाली तरी त्या मडक्याला कुणी हात लावायचा नाही. आणि आजीला स्वतःला सहीसुद्धा येत नव्हती!

त्या तांदळातून चिरे आले. म्हणून दारावर देणगीदाराची पाटी नाही. लिहिणार तरी कुणाकुणाचं नाव?

1961 ला गोवा मुक्त झाला, 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी शाळा उघडल्या. आमच्या मास्तरांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला. ते इतके खूश झाले, की छडीही जरा कमी चालू लागली.

गेल्या पावसाळ्यात मी तिथे जाऊन आलो. दोन वाशांना वाळवी लागली आहे, पहिलीच्या वर्गात बादली ठेवलेली आहे. मुलं बादली चुकवून बसतात. वासे बदलायचे तर आधी सगळी कौलं उतरवावी लागतील आणि हे काम मृगाआधी व्हायला हवं.

बाहेर चहाच्या टेबलावर डबा ठेवला आहे. तांदूळ मात्र टाकू नका. विमानात वजन लागतं.