पिशवी काढली, पुढं काय?

(दृश्य: पहाटेचा उसाचा फड. कोयत्यांचे आवाज.)

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं ओस पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सुटत नाही. एक दिवस घरी बसलं की खाडा, म्हणजे पैसे कापले जातात. अंगावरून कितीही जात असलं, तरी खाडा पडतोच. अशात कुणीतरी सांगतं, गर्भाशयाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.

२०१९ मध्ये राज्य सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहाजणींमागं एक. बातम्या झाल्या, शस्त्रक्रियेआधी सिव्हिल सर्जनची परवानगी लागू झाली. शस्त्रक्रिया का झाल्या, यावर पुष्कळ बोललं गेलं. त्यानंतर त्या बाईच्या मनाचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन वरखाली होत राहतं. झोप मोडते, अंगातून वाफा निघतात, छाती धडधडते, उगाच रडू येतं. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलं असेल, तर ते उलटण्याचा धोका याच काळात वाढतो. पण हे सावकाश होतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर तेच सगळं काही दिवसांत अंगावर कोसळतं, तेही ऐन पस्तिशीत. अंडाशयं ठेवली असतील, तर वेगळीच अडचण: पाळीच नाही, त्यामुळं बदल कधी सुरू झाला याची खूण उरत नाही. चिडचिड वाढते आणि ती बाईच्या स्वभावावर ढकलली जाते.

(दृश्य: पत्र्याची पेटी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला डिस्चार्जचा कागद.)

अंडाशयं काढली की ठेवली, हे या कागदावर असायला हवं. पण कागद इंग्रजीत. तो तिला तिच्या भाषेत समजावून सांगणं, मदतीची सुरुवात इथून होते. अंडाशयं गेली असतील आणि वय कमी असेल, तर हार्मोनच्या उपचारांबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासावं, कारण थकवा त्यानंही येतो.

मग बोलणं. रात्री वाफ आली, घाम फुटला की मनात येतं, 'आता माझं काही खरं नाही.' या विचारानं धडधड आणखी वाढते. विचार-वर्तन उपचारात समुपदेशक नेमकी हीच साखळी पकडतो: वाफ काही मिनिटांत ओसरते हे अनुभवातून पटवतो, श्वास संथ करायला शिकवतो. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही या उपचाराला जागा आहे. मात्र सगळंच हार्मोनच्या माथी मारू नये. उचलीचं ओझं, नवऱ्याची दारू, लेकीचं घाईनं उरकलेलं लग्न, हेही त्या न आलेल्या झोपेत असतं. समुपदेशकानं आधी ते ऐकावं.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या 'प्रेरणा' प्रकल्पात मराठवाड्यात आशाताई घरोघरी जाऊन ताणतणावाची चौकशी करत आल्या आहेत. त्याच उंबऱ्यावर बाईला दोनच प्रश्न जास्त विचारायचे: पिशवी काढलीय का? आणि रात्री झोप लागते का?

१४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही. आता घरातला मोबाइल कुणाच्या खिशात असतो, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आशाताईंनीच आपल्या फोनवरून तो लावून दिला तर बरं.

आणि वेळ? गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, दिवाळीनंतर पुन्हा निघतात. बायकांचा गट बसवायचा तर याच मधल्या महिन्यांत, दुपारच्या वेळी, अंगणवाडीत, पुरुषमाणूस आसपास नसताना.