गाठ काढल्यानंतरचा पहिला तास

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय 'स्तनाच्या कर्करोगाचं लवकर निदान : नवं संशोधन'. त्यावर मी येणारच आहे. पण आधी थोडं बरण्यांबद्दल बोलते. मागच्या रांगेत हसतायत ते आमच्या लॅबचे लोक. त्यांचं हे पाठ झालंय.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंटला माझं तोंड दिसत नाही, रिपोर्टखालची सही तेवढी दिसते. बायोप्सी मशीनमध्ये टाकली की रिपोर्ट बाहेर येतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं मशीन असतं तर मी इथे घसा कोरडा करायला आलेच नसते. प्रत्यक्षात तो तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरतो, मग मेणात बसवला जातो, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, ते रंगवले जातात आणि शेवटी कोणीतरी माणूसच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठरवतो.

तर बरणी. एकदा भर दुपारी तालुक्याच्या गावाहून एक गृहस्थ आले, एसटीने, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत लोणच्याची बरणी, लेबलसकट. आत त्यांच्या बायकोचा आदल्या दिवशी काढलेला स्तन, अख्खा, कोंबून बसवलेला. फॉर्मालिन तळ ओला होण्यापुरतं. सोबतच्या चिठ्ठीवर 'स्तनाची गाठ', पुढे प्रश्नचिन्ह. वय नाही, डावा की उजवा तेही नाही. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, वाटेत एक थेंब सांडू दिला नाही." आणि खरंच नव्हता सांडला. त्यांना जेवढं सांगितलं होतं, तेवढं त्यांनी जिवापाड सांभाळलं होतं. सांगणाऱ्यानेच पुरतं सांगितलं नव्हतं.

कापून पाहिलं, तर बाहेरचा भाग घट्ट झालेला आणि आतला मऊ पडून चाललेला. फॉर्मालिन आत शिरतं ते ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर. स्तनात चरबी भरपूर, तिथे आणखी सावकाश. अख्ख्या कैरीला वरून मीठ लावून ती आतपर्यंत मुरेल अशी आशा करण्यासारखंच हे. (कोकणातल्या मंडळींनी हरकत घेऊ नये. तुमची अख्खी कैरी मला ठाऊक आहे, पण तिच्यासाठी तुम्ही थांबता किती?)

कर्करोग आहे, एवढं त्या तुकड्यावरून सांगता आलं. पण उपचार ठरतो तो ईआर, पीआर (हार्मोन पकडणारी पेशीतली प्रथिनं) आणि हर-टू (पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन) या तपासण्यांवर. ऊतक मुरण्याआधी खराब झालं की ही प्रथिनं नाहीशी होऊ लागतात आणि ईआर खोटंच निगेटिव्ह दिसू शकतं. हार्मोनला अडवणारी टॅमॉक्सिफेनची साधी, स्वस्त गोळी जिला वर्षानुवर्षं उपयोगी पडली असती, तिला मग ती मिळतच नाही. जगभर मान्य असलेला नियम फार अवघड नाही : काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या दहापट फॉर्मालिन, आणि ६ ते ७२ तास मुरवण. लॅब लांब असेल तर आमच्याशी फोनवर बोलून मागच्या बाजूने काप द्यावेत, म्हणजे फॉर्मालिन आत जाईल. याला पैसे लागत नाहीत, मोठ्या तोंडाची प्लास्टिकची बरणी लागते. पण नवीन स्कॅनरचं उद्घाटन होतं, फोटो येतात. बरणीचं उद्घाटन करायला कोण येणार?

आणि त्या चिठ्ठ्या! पाच सेंटिमीटरची गाठ असेल तर माझं अडत नाही, ती हाताला लागते. पण मॅमोग्राफीत नुसते कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसले म्हणून तुकडा काढला असेल, तर तो डोळ्यांना अगदी निरोगी दिसतो. ठिपके कुठे होते हे चिठ्ठीत नाही, काढलेल्या तुकड्याचा एक्स-रे सोबत नाही, मग मी शोधायचं काय आणि कुठे? रोग जितका लवकर सापडतो, तितकी आम्हाला माहिती जास्त लागते, आणि नेमकी तेव्हाच चिठ्ठी कोरी असते.

अध्यक्षांची चिठ्ठी मात्र आली. दहा मिनिटं. बरं, आता भराभर.

ते ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात, पण कधी कधी त्यांच्यामागे डीसीआयएस असतो. म्हणजे कर्करोगाच्या पेशी दूधनलिकेच्या आतच, नलिकेभोवतीचा मायोएपिथेलियल पेशींचा थर आणि बाहेरचा पडदा शाबूत. याला टप्पा शून्य म्हणतात. पडदा फुटला की टप्पा एकपासून पुढे. हे चित्रात सोपं वाटतं, काचेवर नाही. १९९१ साली हुआन रोसाई या पॅथॉलॉजिस्टने, पेशींची नुसती वाढ की नलिकेतला कर्करोग अशा सीमारेषेवरच्या १७ केसेस पाच नावाजलेल्या पॅथॉलॉजिस्टना दाखवल्या, तर एकाही केसवर पाचांचं एकमत झालं नाही. २०१५ साली अमेरिकेत ११५ पॅथॉलॉजिस्टची परीक्षा झाली. पडदा फोडून पसरलेल्या कर्करोगात तज्ज्ञमंडळाशी ९६ टक्के जुळलं, डीसीआयएसमध्ये ८४, आणि त्याच्या अलीकडच्या 'अटिपिया'त, म्हणजे पेशी विचित्र दिसतात पण कर्करोग म्हणता येत नाही तिथे, ४८. नाणं उडवलं असतं तर, असं कुजबुजणाऱ्यांना मी ऐकलं. तिथे पर्याय चार होते, तेव्हा नाण्याने भागलं नसतं.

आपल्याकडचं एक सांगायलाच हवं. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत दीड लाखाहून जास्त स्त्रिया होत्या. निम्म्यांची, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले : रोग अलीकडच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. मॅमोग्राफी नाही, नुसते शिकवलेले हात.

आता शेवटचं. प्रत्येक डीसीआयएसवर शस्त्रक्रिया हवीच का? अमेरिकेतल्या 'कॉमेट' चाचणीचे निष्कर्ष २०२४ च्या डिसेंबरात आले. कमी जोखमीच्या साडेनऊशेहून जास्त स्त्रिया, निम्म्यांसाठी नेहमीचा उपचार आणि उरलेल्यांवर नुसतं बारीक लक्ष. दोन वर्षांत पसरणारा कर्करोग सापडला तो पहिल्या गटात ५.९ टक्के आणि दुसऱ्यात ४.२ टक्के. म्हणजे थांबणाऱ्यांचं दोन वर्षांत तरी जास्त बिघडलं नाही. दोन वर्षं हा काळ थोडा आहे, पुढचं पाहावं लागेल. पण वर्तमानपत्रांनी गाळलेली एक अट वाचा : 'कमी जोखीम' या शिक्क्यावर दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत लागत होतं, आणि ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असावं लागत होतं. तळ ओल्या बरणीतून आलेल्या तुकड्यावर हा शिक्का मी मारणार नाही. थांबायचं असेल कोणाला, तर आधी मेणाचे ब्लॉक मागून घ्या, दुसऱ्याला दाखवा. ते वर्षानुवर्षं टिकतात आणि मागितले तर कोणी नाही म्हणू नये. म्हणालंच, तर माझं नाव सांगा.